तीन जावांची एक फाइल

कारखाना म्हणावा तर फारच लहान, आणि घर म्हणावं तर त्यात फारच ठोकाठोक. पुढच्या खोलीत पत्रा कापायचं यंत्र, मधल्या खोलीत जोडणीचं लांब टेबल, आणि मागे जिन्याच्या तिरप्या छताखाली मोजमापाची खोली. तिथे उभं राहायचं तर मान डावीकडे कलती ठेवावी लागे. वहिनीला आता तशी सवयच जडली होती. बाहेर मोकळ्या आभाळाखालीही ती कुणाचं तरी हळू बोलणं कान देऊन ऐकत असल्यासारखी उभी राहायची.

इथे काचेच्या पेट्या बनायच्या. दिवस भरायच्या आधीच जगात आलेल्या, ओंजळीत मावतील अशा बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या. पेटीचा सगळा विचार नणंदेचा, पत्रा नवऱ्याचा, आणि पेटी खरंच ऊब देते की नुसताच दिवा लावून बसते, हे मोजायचं काम वहिनीचं. नणंद नवऱ्याहून धाकटी, पण कारखान्यात शब्द तिचाच चाले. वहिनी तिला वन्सं म्हणायची आणि मनातून जराशी भ्यायचीही.

नवऱ्याकडे मात्र एकच शब्द होता. बरं. चहा ठेवू? बरं. पत्रा तिरका कापला गेलाय हो. बरं. आज चेहरा का उतरलाय? बरं. संसाराला इतकी वर्षं झाली, पण त्या 'बरं'च्या पोटात राग आहे, थकवा आहे की नुसतंच दुपारचं ऊन पडलंय, हे वहिनीला कधी उमजलं नाही. वन्सं हसून म्हणायच्या, "आमचा दादा म्हणजे एका बटणाचा रेडिओ. लागतो, पण स्टेशन काही बदलत नाही."

एका सकाळी हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टर स्वतःच दारात उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"आमच्या वॉर्डात पेटी एक आणि बाळं दोन," त्या म्हणाल्या. "एकाला पेटीत ठेवलं की दुसरं आईच्या छातीशी. मग उलट. आया बिचाऱ्या किती वेळ ताटकळत बसणार? तुमची पेटी मला शुक्रवारी हवी."

"शुक्रवारी मिळेल," वन्सं म्हणाल्या.

"मिळेल हो. पण मोजमापं या असल्या पाटीवरची नकोत." सिस्टरांनी भिंतीवरच्या काळ्या पाटीकडे हनुवटीने दाखवलं. वन्सं त्या पाटीवर खडूने आकडे लिहायच्या आणि नवी पेटी आली की पुसून टाकायच्या. "आमच्या पोरी दार सारखं उघडतात, लावतात. दूध द्यायला, कपडा बदलायला. तुम्हीही तसंच उघडा-लावा करा. आणि जे जे मोजाल ते सगळं एका फाइलीत द्या. साधी फाइल. आमच्या इंजिनिअरच्या कॉम्प्युटरला वाचता आली पाहिजे आणि माझ्या चष्म्यालाही."

"साधीच करू," वहिनी म्हणाली.

हे 'साधी' किती अवघड असतं, ते तिला सिस्टर गेल्यावर कळलं.

मोजमापाच्या खोलीत तीन मीटर होते. वन्संनी त्यांची नावंच ठेवली होती: थोरली, मधली आणि धाकटी. तिन्ही वेगवेगळ्या घरांतून आल्या होत्या आणि एका टेबलावर नांदत होत्या, तेव्हा त्या जावाच झाल्या. थोरली पेटीतल्या हवेची ऊब मोजायची. मधलीची तार गादीखाली जायची. बाळाची पाठ जिथे टेकणार, तिथली ऊब ती सांगायची. धाकटी बाहेर, खोलीतली हवा मोजत बसायची.

आता तिघींचं बोलणं कॉम्प्युटरवर आणून एका ओळीत बसवायचं, तर एकीचा पायपोस एकीच्या पायात नव्हता. थोरली दशांश टिंबाऐवजी स्वल्पविराम द्यायची, त्यामुळे पस्तीस पूर्णांक आठ म्हणजे तिच्या लेखी पस्तीस, मग एक श्वास, मग आठ. मधली आकडा द्यायची, पण कशाचा ते सांगायची नाही. अंश की किलो, तुमचं तुम्ही बघा. आणि धाकटी फॅरेनहाइटमध्ये बोलायची, तेही विचारलं तरच. तिघींची घड्याळंही एकमेकींशी अबोला धरलेली. एकीकडे सकाळ, तर दुसरीकडे कालची संध्याकाळ.

वहिनी कॉम्प्युटरसमोर बसली आणि चक्रावली. एवढ्याशा खोलीतल्या एवढ्याशा पेटीबद्दल एवढ्या तऱ्हांनी खरं बोलता येतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"एका ओळीत एकच गोष्ट लिहायची," अखेर तिने वन्संना सांगितलं. "कधी, कोणी, काय, किती, कशात. बस. पाच शब्दांची ओळ, मधे स्वल्पविराम. घड्याळ कॉम्प्युटरचं, म्हणजे वेळेवरून भांडण नको. फॅरेनहाइट आपण बदलून घेऊ. वर दोन ओळी पेटीच्या: पेटी कोणती, कुठली तार कुठे लावली. आणि मधेच काही घडलं, दार उघडलं वगैरे, तर ओळीच्या सुरुवातीला एक चांदणी काढून ते लिहायचं."

"कधी, कोणी, काय, किती, कशात," वन्संनी बोटांवर मोजलं. "छान. लेकराला पाठ होईल. आणि एखादीने आकडाच दिला नाही तर?"

वहिनीने हा विचार केलाच नव्हता. "तर... शून्य लिहू?"

"शून्य? बाळाच्या पेटीत शून्य अंश? सिस्टर वाचतील आणि काठी घेऊन येतील."

"मग कोरं सोडू."

"कोरं म्हणजे मला वाटणार तू लिहायला विसरलीस."

"काही ठिकाणी उणे नऊशे नव्याण्णव लिहितात, वन्सं. असा आकडा खरा असूच शकत नाही, म्हणून."

वन्संनी कपाळावर हात मारला. "अगं, बाळ ठेवायचंय त्यात, चंद्रावर नाही पाठवायचं!"

त्यावर दोघी इतक्या हसल्या, की पुढच्या खोलीतलं पत्र्याचं यंत्र थांबलं. "काय झालं?" असं नवऱ्याने विचारलं नाही, पण यंत्र थांबवलं, हे विचारण्यासारखंच होतं. हसण्याच्या त्या भरात आकडा न देणारीचा प्रश्न तसाच टेबलाखाली सरकला.

पहिली खटपटीची फाइल निघाली, तेव्हा वन्संनी चष्मा नाकावर ओढून ती वाचायला घेतली. आणि वाचतच राहिल्या. मधली, गादीखाली, ३६.३९२१. मधली, गादीखाली, ३६.३९४०. मधली, गादीखाली, ३६.३९३२.

"हा काय जप लावलाय?" त्या म्हणाल्या. "आणि दशांशानंतर एवढी शेपटी कशाला? बाळ काय चार आकडे मोजून रडतं? शेपटी काप. एकच दशांश पुरे."

वहिनीने शेपटी कापली. आता ३६.४, ३६.४, ३६.४ अशी रांग लागली.

"आता तर मला झोपच आली," वन्संनी जांभई दिली. "तीच ती ओळ पुन्हा पुन्हा कशाला लिहायची? बदल झाला तर लिही. नाही झाला तर गप्प बस. कसं?"

आणि वहिनीला ते मनापासून पटलं. सांगण्यासारखं असेल तेव्हाच बोलावं, एरवी गप्प राहावं. या घरात अर्धे लोक असेच तर जगत होते. तिने नियम घातला: आकडा बदलला तरच ओळ. फाइल एकदम आटोपशीर झाली. पानभर मोकळी जागा, मधे चार ओळी. तिला वाटलं, हीच ती साधी फाइल.

बुधवारी खऱ्या मोजणीसाठी पेटी नव्याने सुरू केली. गार पेटी हळूहळू तापत गेली आणि तिघी जावा भराभर बोलत सुटल्या. संध्याकाळपर्यंत मधली छत्तीसाच्या घरात आली आणि तिथे ३६.३ आणि ३६.४ यांच्यात झोके घेत राहिली. गुरुवारी सकाळी वन्सं रोजच्यासारख्या फडकं घेऊन आल्या. धुळीशी त्यांचं जुनं वैर. टेबल, मीटर, तारा, काच, सगळं त्या हाताने पुसायच्या आणि पुसताना काहीबाही जुळवून गुणगुणायच्या:

"थोरली सांगते वाऱ्याचं गं ऊन,
मधली बसली गादीखाली मौन,
धाकटीला बाई विचारतंय कोण?"

"धाकटीला मी विचारते," वहिनी म्हणाली. "विचारल्याशिवाय बोलतच नाही ती."

मग दिवसभर वन्संनी दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. सिस्टरच्या पोरी करतात तसं, कधी हळू, कधी घाईघाईत. प्रत्येक वेळी वहिनीने फाइलीत चांदणीची ओळ घातली: दार उघडलं. दार लावलं. थोरली दर वेळी धावपळ करायची, तिचा आकडा खाली जायचा, वर यायचा. धाकटीही अधूनमधून काही बोलायची. आणि मधली?

मधली एक शब्दही बोलली नाही.

दुपारच्या जेवणानंतर वन्संनी फाइल वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ, बघ! एवढं दार आपटलं मी, पण गादीखालची ऊब जागची हलली नाही. याला म्हणतात गादी! सिस्टर खूश होतील. मी फोन करते, उद्या सकाळी गाडी पाठवा म्हणून."

"हो," वहिनी म्हणाली.

पण फोन लागला, बोलणं झालं, वन्सं मधल्या खोलीत जाऊन पुढच्या पेटीच्या झाकणाचे स्क्रू मोजायला बसल्या, तरी वहिनी फाइलीसमोरून उठली नाही. काहीतरी टोचत होतं. पायात काटा मोडावा आणि दिसू नये, तसं.

हलली नाही, हे चांगलंच. मग मन का हललं?

तिने फाइल वरून खाली वाचली. काल झोके घेणारी मधली आज सकाळपासून गप्प. ३६.४, आणि पुढे मोकळं पान. गादी जाड होती, ऊब धरून ठेवणारी होती, तेव्हा आकडा स्थिर राहिलाही असेल. किंवा तार निसटली असेल. किंवा मीटरच झोपला असेल. किंवा आकडे घेणारा तिचा स्वतःचा प्रोग्रॅम कुठेतरी अडकला असेल. या चार वेगवेगळ्या गोष्टी होत्या. आणि चौघींची फाइल एकच दिसली असती: मोकळं पान.

वहिनीच्या डोक्याला मुंग्या आल्या. फाइल तिने स्वतः बनवली होती. नियम तिचे, स्वल्पविराम तिचे, चांदण्याही तिच्याच. आणि तीच फाइल तिला काही सांगायला तयार नव्हती. तिने कान कलता केला, जणू स्क्रीनमधून आवाज येईल. आला नाही.

तिने तार तपासली. तार गादीखाली जागेवर होती, मधलीच्या पडद्यावर आकडाही होता. प्रोग्रॅम पाहिला, तो जागा होता, थोरलीच्या ओळी व्यवस्थित येत होत्या. मग सगळंच ठीक म्हणायचं का? ठीक असेल तर मग आणखी काय तपासायचं? आणि ठीक नसेल, तर ते ठीकसारखं का दिसतंय? ती जितका विचार करी, तितका गुंता वाढे. लोकरीचा गुंडा मांजराने खेळवावा तसा.

ती पुढच्या खोलीत गेली. नवरा कानशीने पत्र्याची धार बोथट करत होता.

"ऐकता का? दार इतक्या वेळा उघडलं, पण गादीखालचा आकडा हलला नाही. असं होऊ शकतं?"

"बरं," नवरा म्हणाला.

"बरं काय? हो की नाही?"

त्याने कानस खाली ठेवली. हात पँटला पुसले. तिच्यामागून जिन्याखालच्या खोलीत आला, मान वाकवली, पेटीचं दार उघडलं आणि उलटा हात गादीखाली घातला. तसाच ठेवला. मग हात काढला आणि पुन्हा म्हणाला, "बरं."

पण परत गेला नाही. तिथेच उभा राहिला, पेटीकडे बघत.

आता या 'बरं'चा अर्थ काय लावायचा? वहिनीने स्वतः हात घातला. गरम लागलं. जरा जास्तच गरम लागलं. पण तिचा हात सकाळपासून थंड टेबलावर होता; थंड हाताला कोमटही कढत वाटतं. तिने दुसरा हात घातला. तोही गरमच म्हणाला. दोन हात आणि एक आकडा, यांत खरं कोण? मोजमाप करणाऱ्या बाईने हातावर विश्वास ठेवायचा नसतो, हे ती शिकली होती. पण मग हात दिलेत कशाला, असंही तिला वाटलं.

तिने तिघी जावांकडे एकदा नीट पाहिलं. कॉम्प्युटरकडे नाही, फाइलीकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे. थोरलीच्या पडद्यावर शेवटचे आकडे नाचत होते. मोठे आकडे जागेवर, पण शेपटी सारखी वळवळत होती. धाकटीचंही तेच. आणि मधलीच्या पडद्यावर ३६.३९१८. तिने वाट पाहिली. ३६.३९१८. एक पापणी लवली नाही.

"शेपटी," वहिनी पुटपुटली. "शेपटी हलत नाही हो हिची."

नवरा वाकून बघायला लागला.

जिवंत मोजमाप कधी गप्प बसत नाही. मोठा आकडा जागचा ढळला नाही, तरी शेवटचे दशांश थरथरत राहतात. तारेतून, हवेतून, बाहेरून जाणाऱ्या गाडीच्या धक्क्यातून काही ना काही येतच असतं. झोपलेल्या बाळाचं अंग हलत नाही, पण दुलई हलते, तसं. आणि ती थरथर वहिनीने स्वतःच्या हाताने कापून टाकली होती, वाचायला सोपं जावं म्हणून. त्यावर कडी म्हणजे, बदल नसेल तर ओळही लिहू नकोस, असं सांगून ठेवलं होतं.

मग तिला ते दिसलं. मधलीच्या पडद्याच्या कोपऱ्यात, मोहरीएवढं एक अक्षर. होल्डचं. आकडा वाचून घ्यायला सोपं पडावं म्हणून तो धरून ठेवायचं बटण असतं मीटरवर. ते दाबलं, की मीटर शेवटचा आकडा मुठीत पकडून बसतो आणि कुणीही विचारलं, अगदी कॉम्प्युटरने विचारलं, तरी तोच पुढे करतो.

"वन्सं," तिने हाक मारली. "जरा येता?"

वन्सं आल्या. हातात अजून फडकं होतं.

"सकाळी मधलीला पुसलंत?"

"रोजच पुसते. का? डाग राहिला का?"

वहिनीने बटण पुन्हा दाबलं. मोहरीएवढं अक्षर गेलं. मधलीने मूठ उघडली.

३९.२०६५.

शेपटी वळवळत होती. ३९.२०८८. ३९.२०७१.

एकोणचाळीस म्हणजे ताप. दार उघडलं की हवा गार होई, हवा गार झाली की पेटीचा हीटर जोर करी, आणि तो सगळा जोर खालून गादीला लागे. वर थोरली खूश, आणि खाली बाळाची पाठ भाजायची पाळी. दिवसभर फाइल शांत होती आणि दिवसभर गादी तापत होती.

"बाई गं," वन्सं खाली स्टुलावर बसल्या. "मी गाडी बोलावलीय."

"सिस्टरांना सांगावं लागेल."

"काय सांगू? माझं फडकं लागलं म्हणून?"

"माझ्या फाइलीने ते लपवलं म्हणून सांगा."

"फडकं माझं होतं."

"नियम माझा होता."

"बदल झाला तरच लिही, हे मी म्हटलं होतं, वहिनी. उगाच मोठेपणा घेऊ नकोस." वन्संच्या आवाजाला धार होती, पण डोळे ओले होते. त्या उठल्या आणि स्वतःच फोन लावला.

सिस्टर फोनवर रागावल्या. साहजिकच होतं. शुक्रवार म्हणाला होतात, मी दोन आयांना सांगून बसलेय, आता त्यांना काय सांगू, असं बरंच. वन्सं एरवी फोनवर कुणाला जुमानत नसत, त्या दिवशी नुसत्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सिस्टर, उद्या पेटी दिली असती तर पेटी चांगली दिसली असती. चांगली असती की नाही ते मला सांगता आलं नसतं. अजून थोडे दिवस बाळाला आईपाशीच ठेवा. ती ऊब खोटी नसते." पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग सिस्टर म्हणाल्या, "लवकर करा," आणि फोन ठेवला. ही शांतता रागाची होती की समजुतीची, हे वन्संना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढे दोन कामं सुरू झाली. नवऱ्याने गादीखालचा पत्रा काढला, त्याला ठिकठिकाणी भोकं पाडून वाट दिली, म्हणजे हीटरची ऊब एका जागी न साचता चहूकडे जाईल. हीटरचा जोरही वन्संनी उतरवला. आणि वहिनीने फाइल पुन्हा मांडायला घेतली.

या वेळी तिने फारसं काही ठरवलं नाही. ठरवलेलं काढूनच जास्त टाकलं. बदल झाला तरच ओळ, हा नियम काढला. शेपटी कापणं बंद केलं. मीटरने जे दिलं ते, जसं दिलं तसं, सगळं लिहायचं. थोरलीचा स्वल्पविराम तेवढा टिंब झाला, कारण त्याच्याने ओळ फुटायची, आणि धाकटीचं फॅरेनहाइट फॅरेनहाइटच राहिलं. नाहीतर एकक सांगणारा 'कशात' हा पाचवा शब्द ठेवला कशाला? सहावा एक शब्द तिने वाढवला: कसं. मीटर मोजतोय, धरून बसलाय की बोलतच नाही, ते प्रत्येक ओळीत. आकडा नसेल तर आकड्याच्या जागी 'नाही' लिहायचं. शून्य नाही, कोरं नाही, चंद्रावरचा आकडा नाही. नुसतं 'नाही'.

टेबलाखाली सरकलेला प्रश्न असा एकदाचा वर आला.

"आणि माझ्या चष्म्याचं काय?" वन्संनी विचारलं. "सिस्टरच्या चष्म्याचं?"

"वाचायला वेगळं पान काढून देईन, गोल आकडे घालून. पण मुळात जे आहे त्याला हात लावायचा नाही."

"बरं," वन्संच्या तोंडून निघालं, आणि त्या स्वतःच दचकल्या. "अगं बाई, मला दादाचा संसर्ग झाला!"

पेटी पुन्हा चालली. दार पुन्हा उघडलं, लावलं. फाइल लांबच लांब झाली, गावभरच्या पुराणासारखी. मधली बोलत होती: ३६.४, मग दार उघडल्यावर हळूच ३६.८, मग दमून पुन्हा खाली. आणि सारखी शेपटी वळवळत. वहिनी ती फाइल वाचत बसायची. तिला वाटलं होतं, सगळं लिहिलं की सगळं कळेल. पण तसंही नव्हतं. मधेच एखादा आकडा उगाच उसळी मारायचा आणि का ते कळायचं नाही. खिडकीतून झुळूक आली असेल? जिन्यावरून कुणी धावलं असेल? पहिली फाइल वाचताना तिला वाटलं होतं, आपल्याला सगळं कळलंय. ही वाचताना वाटायचं, आपल्याला फारसं काही कळत नाही. आणि का कोण जाणे, हिच्यावरच तिचा जीव बसला.

वन्सं सकाळी फडकं घेऊन येत. थोरलीपाशी थांबत, मधलीपाशी थांबत, फडकं दोन्ही हातांत धरून नुसत्या फुंकर घालत. आणि मग कोपऱ्यात वाकून मोहरीएवढं अक्षर नाही ना, ते बघत.

ज्या दिवशी गाडी आली, त्या दिवशी सिस्टर स्वतः आल्या. त्यांनी वाचायचं पान बाजूला ठेवलं आणि मूळ फाइलच उघडायला लावली. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे आकडे असे सारखे हलतात कशाला?"

"हलायलाच हवेत," वहिनी म्हणाली. "थांबले तर मला फोन करा."

सिस्टरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. पेटी उचलताना त्यांनी आपल्या माणसांना दोनदा सांगितलं, हळू, हळू.

पेटी गेली. जिन्याखालच्या खोलीत एकदम ऐसपैस झालं. टेबलाच्या कडेवरून मधलीची तार खाली लोंबत होती, गादी नाही, पेटी नाही, नुसत्या हवेत. आणि स्क्रीनवर ओळी येतच होत्या. मधली, २४.६०१७. २४.६०३३. २४.६०२१.

नवरा दारात आला. हाताला पत्र्याचा कीस लागलेला होता. तो स्क्रीनकडे बघत राहिला.

"बंद करू?" त्याने विचारलं.

त्याने पुरता प्रश्न विचारला, हे वहिनीच्या जरा वेळाने लक्षात आलं.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली.

"बरं."

तिने मान कलती केली. हे 'बरं' नेहमीचंच होतं का? शेवटाला किंचित काही हललं का? की तिलाच आता जिथे तिथे शेपट्या दिसायला लागल्या होत्या? काही कळेना. ती सरकून बसली, स्टुलावर त्याच्यापुरती जागा झाली. तो आत आला, वाकला, बसला. दोघं तारेने मोजलेली रिकाम्या खोलीची ऊब बघत राहिली.